गाळून उरलेला नाद

सिंथेसायझरचा विषय निघाला की कौतुक होतं ते ऑसिलेटरचं. लहर तिथे जन्मते, हे खरंच आहे. पण सॉटूथ लहर अमेरिकेत बनलेल्या वाद्यातून आली काय किंवा जपानमधल्या, कानाला ती जवळपास सारखीच लागते: झणझणीत, कर्कश आणि थोड्या वेळाने डोकं उठवणारी. तरीही हा मूग, हा आर्प, हा रोलंड असं जाणकार माणूस डोळे मिटून सांगतो, ते बहुतेक वेळा फिल्टर ऐकून. विजेच्या वाद्यांच्या गेल्या साठ वर्षांत माणसांनी आपली सगळ्यात जास्त बुद्धी, हिकमत आणि हट्ट या एका सर्किटात ओतला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्या महाराष्ट्रात दरवर्षी हजारो मुलं इलेक्ट्रॉनिक्स शिकून बाहेर पडतात, तिथे हे सर्किट कानाने फारसं कोणी ऐकलेलं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

फिल्टरचं काम समजायला यंत्राची गरज नाही. एकच सूर धरा आणि तो न बदलता ‘आ’ पासून हळूहळू ‘ऊ’ पर्यंत या. स्वरतंतू तेच, पट्टी तीच. बदलली ती फक्त तोंडातल्या पोकळीची ठेवण. त्या ठेवणीने काही स्वरांश पुढे येऊ दिले, काही दाबले. सॉटूथ लहरीचंही तसंच. मूळ सूर 110 हर्ट्झचा असेल तर तिच्यात 220, 330, 440 असे चढत्या श्रेणीने सगळे स्वरांश असतात. दुसऱ्याचा जोर निम्मा, तिसऱ्याचा एक तृतीयांश, असा उतरत जाणारा. लो-पास फिल्टर एका मर्यादेच्या वरचे स्वरांश कापतो. ती मर्यादा म्हणजे कटऑफ. कटऑफ खाली आणला की झणझणाट ओसरून गोलसर, घुमारदार आवाज उरतो. वर नेला की पुन्हा धार चढते.

असे फिल्टर रेडिओत आणि टेलिफोनच्या तारांवर कितीतरी आधीपासून होते. जर्मनीत कोलोनच्या रेडिओ केंद्रातल्या प्रसिद्ध स्टुडिओत 1950 च्या दशकात संगीतकार ते वापरतही होते. पण ती मुळात प्रसारणाची आणि मोजमापाची उपकरणं. बटण हाताने फिरवायचं, टेपवर उतरवायचं, टेप कापायची, जोडायची. एक सूर वाजत असतानाच, सेकंदाच्या दहाव्या हिश्शात फिल्टर उघडून मिटावा, तोही दर सुराला, हे हाताने शक्य नव्हतं. त्यासाठी कटऑफ विजेच्या दाबाने म्हणजे व्होल्टेजने हलायला हवा होता.

रॉबर्ट मूग हा थेरेमिन हे विजेवरचं वाद्य बनवून विकणारा अभियंता. 1964 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी संगीतकार हर्बर्ट डॉइच त्याच्याकडे येऊन राहिला आणि दोघांनी मिळून व्होल्टेजने चालणारे ऑसिलेटर आणि ॲम्प्लिफायर जुळवले. व्होल्टेजने चालणारा फिल्टर हवा, ही सूचना नंतर टोरांटो विद्यापीठातल्या गुस्ताव चामागा यांच्याकडून आली. मूगने तो बनवला, 1965 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला, 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. 28 ऑक्टोबर 1969 रोजी त्याला अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक 3,475,623. फिल्टर-मॉड्यूलचा क्रमांक होता 904ए.

या सर्किटाशी जरा रेंगाळलंच पाहिजे. साध्या फिल्टरला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लागतो. कटऑफ हलवायचा तर त्यातला एक तरी बदलता हवा. मूगने पाहिलं की ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधला रोध त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर ठरतो. खोलीच्या तापमानाला साधारण 26 मिलिव्होल्ट भागिले प्रवाह, इतकं साधं ते गणित. प्रवाह दुप्पट केला की रोध निम्मा, म्हणजे कटऑफ एक सप्तक वर. मग त्याने ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचल्या, प्रत्येक जोडीच्या मध्ये एक कपॅसिटर आडवा टाकला. कागदावर ती आकृती हुबेहूब शिडीसारखी दिसते आणि ‘लॅडर फिल्टर’ हेच तिचं नाव पडलं. चार पायऱ्या. प्रत्येक पायरी कटऑफच्या वर दर सप्तकाला 6 डेसिबल कापते. चारांचे मिळून 24.

खरी गंमत पुढे आहे. कटऑफच्या नेमक्या जागी प्रत्येक पायरी लहरीला 45 अंश मागे रेटते आणि तिची उंची 0.707 पट करते. चार पायऱ्यांनंतर लहर 180 अंश मागे पडलेली असते आणि उंची बरोबर एक चतुर्थांश उरलेली असते. आता शेवटचा आवाज उलटा करून पहिल्या पायरीला परत द्या. 180 अंशांची पिछाडी आणि उलटेपणा एकमेकांना फेडतात आणि त्याच एका जागी लहर स्वतःलाच बळ देऊ लागते. हा रेझोनन्स. परत देताना तिला चौपट केलं की झालेली घट पुरती भरून निघते आणि बाहेरून काहीही न देता फिल्टर स्वतःच गाऊ लागतो. जवळजवळ शुद्ध साइन लहर. कापणारं यंत्र स्वर निर्माण करतं, हे पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. मात्र खालच्या स्वरांशांना पिछाडी जवळपास नसतेच, त्यामुळे परत आलेली उलटी लहर त्यांना खाते. चौपट परतफेडीला खर्जाचा फक्त पाचवा हिस्सा उरतो. रेझोनन्स वाढवला की मूगचा खर्ज पातळ होतो, ही वादकांची जुनी तक्रार या साध्या बेरीज-वजाबाकीतून आलेली आहे. ती खोड म्हणून सोसणारे आहेत, तिच्यासाठीच हा फिल्टर घेणारेही आहेत.

दुसरी गोष्ट अशी की तळची ट्रान्झिस्टरची जोडी काही दशक मिलिव्होल्टच्या पलीकडचा आवाज सरळपणे झेलू शकत नाही. जोरात दिला की लहरीचे माथे हळूच गोल होतात. पाठ्यपुस्तक याला विकृती म्हणतं. रॉक आणि जॅझवाल्यांना मूगच्या मिनिमूग या वाद्याचा जो दाट, भरलेला आवाज आवडला, त्यात या गोलाईचा मोठा वाटा आहे.

मूगचं हे यंत्र भारतात आलं ते फार लवकर. 1969 मध्ये, म्हणजे पेटंट मिळालं त्याच वर्षी, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) मूगची मॉड्युलर यंत्रणा उभी केली. मागे सूत्र होतं साराभाई कुटुंबाचं. गीता साराभाई 1946 मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केजला हिंदुस्थानी संगीत शिकवत होत्या आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या. तो धागा तेवीस वर्षांनी असा फळाला आला. त्या स्टुडिओत गीताबेन स्वतः, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी 1972 पर्यंत काम केलं. मग तो थंडावला आणि टेपा कपाटात राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि 2023 मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने निवडक ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध झाली. जोशीपुरांची ‘स्पेस लायनर 2001’ ही रचना मिळवून ऐका. ज्यांच्या मागे विजेच्या संगीताची कुठलीही देशी परंपरा नव्हती अशी माणसं सरकारी संस्थेच्या एका खोलीत बसून या यंत्राकडून काय काय निघतं ते पाहत होती. आपल्या संगीताच्या इतिहासात या तीन वर्षांना पानभरसुद्धा जागा मिळालेली नाही, हा अन्याय आहे.

इकडे मूगला स्पर्धक आले. ॲलन पर्लमन यांच्या आर्प कंपनीने 2600 या वाद्यात सुरुवातीला मूगच्या शिडीचीच नक्कल वापरली. पुढे ती काढून 4072 हे स्वतःचं सर्किट बसवलं. लंडनमध्ये पीटर झिनोव्हिएफ यांच्या ईएमएस कंपनीसाठी डेव्हिड कॉकरेल यांनी 1969 च्या व्हीसीएस-3 मध्ये ट्रान्झिस्टरच्या जागी डायोड घातले. डायोडच्या शिडीत पायऱ्या एकमेकींवर भार टाकतात, त्यामुळे चौघींची मर्यादा एका जागी राहत नाही, फाकते. त्यातून रबरासारखा ताणला जाणारा, किंचित घोगरा आवाज येतो.

कॅलिफोर्नियात डॉन बुकला यांचा मार्ग वेगळाच होता. सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमन सेंडर यांनी त्यांच्याकडून वाद्य मागितलं. त्यावर सबॉटनिकनी 1967 मध्ये ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ ही तबकडी केली. बुकलांना पियानोसारखे पट्टे नको होते आणि कापत जाणारा फिल्टरही मध्यवर्ती नको होता. त्यांच्या 200 मालिकेत 292 क्रमांकाचं ‘लो-पास गेट’ आलं, त्यात व्हॅक्ट्रॉल नावाचा भाग असतो: एका बंद डबीत एक दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाशाने रोध बदलणारा कॅडमियम सल्फाइडचा तुकडा. दिवा लागला की रोध झटकन उतरतो. विझला की तो तुकडा अंधाराला लगेच सरावत नाही. चुलीतला निखारा विझत जावा तसा सावकाश मूळ पदावर येतो. आवाजाचा जोर आणि त्याची धार दोन्ही एकदमच ओसरतात.

हे मी जवळून पाहिलं ते कोथरूडला, एका तरुण अभियंत्याच्या खोलीत. दिवसा नोकरी, रात्री सोल्डरिंग. लाकडी चौकटीत एकाला एक लागून बसवलेली ॲल्युमिनियमची मॉड्यूलं, त्यातली निम्मी त्याने स्वतः जोडलेली. “जरा थांबा काका, अजून तापलं नाहीये,” म्हणत त्याने आधी चहा दिला. मग एका ऑसिलेटरमधून पॅच कॉर्ड काढून लो-पास गेटमध्ये खोचली आणि दुसऱ्या कॉर्डने त्याला नुसता एक क्षणिक विजेचा झटका दिला. टक् असा काहीतरी यांत्रिक आवाज येईल म्हणून मी कान दिले होते. आला तो पोकळ लाकडावर बोट मारल्यासारखा, पुढे गोल होत विरणारा टोला. झटक्यांचा वेग त्याने वाढवला. आधीचा टोला पुरता विरायच्या आत दुसरा येऊ लागला, त्यामुळे व्हॅक्ट्रॉलला पूर्ण मिटायला सवडच मिळेना आणि प्रत्येक टोला आधीच्यापेक्षा किंचित उजळ होत गेला. हा चढ कुठल्या बटणाने आणलेला नव्हता. त्या कॅडमियमच्या तुकड्याच्या सुस्तीतून तो आपसूक आला होता.

तापण्याचं कारणही त्याने दाखवलं. व्होल्टेजचं सप्तकात रूपांतर करणारा भागही ट्रान्झिस्टरचाच. तिथे एका सप्तकाला जेमतेम 18 मिलिव्होल्ट लागतात, आणि हा आकडा तापमानाबरोबर अंशाला सुमारे 0.33 टक्क्याने सरकतो. पुण्यात जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत खोलीचं तापमान सहज 15 अंशांनी बदलतं, म्हणजे 5 टक्के. दोन सप्तकांच्या अंतरावर हा फरक एका श्रुतीपेक्षा जास्त, चांगला अर्ध्या स्वराच्या वर जातो. म्हणून त्या ट्रान्झिस्टरला चिकटवून एक खास रेझिस्टर बसवतात, ज्याचा रोध तापमानाबरोबर तितक्याच प्रमाणात वाढतो. तो चांगल्या प्रतीचा मिळवायला खटपट करावी लागते. बाकीचे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात. हा मात्र त्याने परदेशातून मागवला.

फिल्टरच्या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटतात ती अडचणीतून जन्मलेली सर्किटं. 1978 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस हगेट यांनी ‘वास्प’ बनवला: काळ्या-पिवळ्या प्लास्टिकचा, बॅटरीवर चालणारा, सामान्य पोरांना परवडावा असा. स्वस्ताईसाठी त्यांनी फिल्टरमध्ये डिजिटल गणनेसाठीची सीमॉस इन्व्हर्टर चिप ॲम्प्लिफायर म्हणून राबवली. हो किंवा नाही एवढंच सांगण्यासाठी बनलेली ती चिप मधल्या अधांतरी पट्ट्यात चालवली की लहरीला वेडीवाकडी मोडते. वास्पचा खरखरता, चावरा आवाज तिथून आला. त्याच सुमारास सोव्हिएत संघात व्लादिमीर कुझमिन ‘पोलिव्होक्स’वर काम करत होते; ते वाद्य 1982 मध्ये बाजारात आलं. त्याचा फिल्टर पाहून अभियंते आजही चकित होतात, कारण त्यात स्वर ठरवणारे कपॅसिटर बाहेर कुठेच दिसत नाहीत. देशी ऑप-ॲम्पच्या आतला, स्थिरतेसाठी ठेवलेला, एरवी कोणी लक्ष न देणारा कपॅसिटरच कुझमिननी कामाला लावला आणि ऑप-ॲम्पचा चालक प्रवाह बदलून कटऑफ हलवला. आवाज असा रांगडा की त्याची नक्कल करणारी मॉड्यूलं आज पश्चिमेत विकली जातात. वाद्याचा दर्शनी भाग त्यांच्या पत्नी ऑलिंपियादा यांनी रेखला होता.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे आवाज 1970 च्या दशकात शिरले. मिनिमूग इथे आणण्याचं श्रेय वादक केरसी लॉर्ड यांना दिलं जातं. पण फिल्टरच्या गोष्टीत मुंबईचं नाव कायमचं कोरलं ते चरणजित सिंग यांनी. सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या या माणसाने 1982 मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. ललत, भूपाली, मधुवंती, कलावती असे दहा राग. ताल रोलंड टीआर-808 चा, सुरावट ज्युपिटर-8 वर आणि खाली खर्ज टीबी-303 चा. टीबी-303 हे तादाओ किकुमोटो यांनी बास गिटारच्या जागी साथीला म्हणून बनवलेलं छोटं यंत्र. त्यात डायोडची शिडी आहे आणि तिचा रेझोनन्स मुद्दाम अशा बेताने रोखलेला आहे की फिल्टर किंचाळण्याच्या काठावर जातो, पण स्वतः गायला लागत नाही. बास गिटार म्हणून ते कोणालाच पटलं नाही आणि 1984 पर्यंत बंदही पडलं. मग शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारातून ते घेतलं, वाजतानाच कटऑफ आणि रेझोनन्स पिळले आणि 1987 मध्ये फ्युचर या गटाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मधून ॲसिड हाउस नावाचा प्रकार जगभर पसरला. 2010 मध्ये चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले ऐकणारे थक्क झाले: तोच फिल्टर, तीच वळवळ, पाच वर्षं आधी, मुंबईत, रागात. शिकागोच्या मुलांनी ती ऐकली असेल असं मानायला काही आधार नाही. त्यांनी स्वतंत्रपणे तेच शोधलं. माझ्या मते सिंगांचं काम त्यामुळे लहान होत नाही. राग सावकाश उलगडायचा असतो हे रक्तात असलेल्या वादकाने त्या फिल्टरची सावकाश उघडण्याची ताकद आधी ओळखली, एवढं नक्की. 2015 मध्ये ते मुंबईत वारले. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत परदेशात त्यांना टाळ्या मिळाल्या, हे त्यातल्या त्यात समाधान.

डिजिटल कीबोर्डच्या लाटेत 1980 च्या दशकाअखेर हे सगळं मोडीत निघाल्यासारखं झालं होतं. म्युनिकजवळच्या ग्रेफेल्फिंग गावी डीटर डोप्फर यांनी 1995-96 मध्ये ए-100 ही मालिका काढून ते परत उभं केलं. 128.5 मिलिमीटर उंचीचं मॉड्यूल, 5.08 मिलिमीटरच्या पटीत रुंदी, अधिक-उणे 12 व्होल्ट, साडेतीन मिलिमीटरची पिन. या मापांना आज युरोरॅक म्हणतात आणि जगभर शेकडो लहानमोठे कारागीर त्यात बसतील अशी मॉड्यूलं बनवतात. डोप्फरच्या यादीतले फिल्टर म्हणजे वर सांगितलेल्या इतिहासाची उजळणीच आहे: ए-120 ला मूगची शिडी, ए-124 ला वास्पचं सर्किट, ए-103 टीबी-303 च्या वळणाचा. पॅरिसच्या एमिली जिले यांनी त्यांची म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स ही संस्था 2022 मध्ये बंद केली, पण ‘रिपल्स’ या फिल्टरसह त्यांच्या मॉड्यूलांची सर्किटं त्यांनी सगळ्यांना खुली करून ठेवली आहेत. दुसरीकडे व्हॅक्ट्रॉल दुर्मीळ होत चालले आहेत, कारण कॅडमियमवर युरोपात निर्बंध आहेत. ते निर्बंध योग्यच आहेत. त्या सुस्तीला पर्याय शोधण्याचं काम बनवणाऱ्यांना करावं लागणार.

संगणकात हे सगळं होत नाही का, असं कोणीही विचारेल. होतं, आणि आता खूप चांगलं होतं. अँटी हुओव्हिलाइनेन यांनी 2004 मध्ये मूगच्या शिडीची गोलाईसह डिजिटल प्रतिकृती मांडली, त्यानंतर ही विद्या झपाट्याने पुढे गेली. ध्वनिमुद्रण ऐकून अस्सल-नक्कल ओळखेन असा दावा मी करणार नाही. पण त्या प्रतिकृतीसाठी अभियंत्यांना आधी ट्रान्झिस्टरची प्रत्येक खोड मोजावी लागली, हे विसरू नये. मूळ सर्किट समजल्याशिवाय नक्कलही जमत नाही, नवं तर नाहीच.

आणि इथे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचा आणि तंत्रनिकेतनांचा विषय येतो. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला फिल्टरचं प्रात्यक्षिक असतं. ब्रेडबोर्डवर 741 चा सेकंड ऑर्डर लो-पास लावायचा, फंक्शन जनरेटरने 100 हर्ट्झपासून वर जायचं, सीआरओवर उंची वाचायची, सेमी-लॉग कागदावर ठिपके जोडायचे, वही तपासून घ्यायची. सगळं बरोबर असतं, आणि संपूर्ण प्रात्यक्षिक मुकं असतं. ज्या आकृतीचा वक्र तो विद्यार्थी काढतो तिने संगीताला एक अख्खी नवी भाषा दिली, हे त्याला कळतच नाही. त्याच टेबलावर साइनऐवजी सॉटूथ किंवा निदान चौकोनी लहर द्यावी, बाहेर एक छोटा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जोडावा, रेझिस्टरच्या जागी पोटेन्शिओमीटर लावून तो फिरवू द्यावा. पुढच्या वर्गाला एलएम13700 ही चिप द्यावी. तिच्या डेटाशीटमध्येच व्होल्टेजने चालणाऱ्या फिल्टरचं सर्किट छापलेलं आहे. अभ्यासक्रम बदलायची, मंजुरी मागायची गरज नाही. हा अंक ज्या प्राध्यापकांच्या हाती पडेल त्यांना माझी विनंती आहे: दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला सीआरओच्या शेजारी एक स्पीकर ठेवा.